कौन्सिलचा माणूस बघून गेलाय, मग जबाबदारी कुणाची?

इंग्लंडमध्ये घराचं काम काढलं की आपल्या मंडळींचं एक ठरलेलं वाक्य असतं, "काळजी नको, कौन्सिलचा माणूस बघून गेलाय." गेल्या वर्षी स्वयंपाकघराची भिंत पाडताना मीही तेच म्हणत होते. आमचा बिल्डरही तेच म्हणायचा, आणि भिंतीच्या जागी बसवलेली पोलादी तुळई त्याने तपासणीआधीच प्लास्टरबोर्डने झाकून टाकली. इन्स्पेक्टरने बोर्ड काढायला लावला. तुळईच्या टोकाखाली भार पसरवणारा पॅडस्टोनच नव्हता! वरच्या मजल्याचं वजन थेट दोन-तीन विटांवर.

समजा, त्याने तो बोर्ड काढायला लावलाच नसता, तर दोष कुणाचा?

कायद्याचं उत्तर अनेकांना चकवतं. बांधकाम नियमांप्रमाणे करणं ही ते करणाऱ्यांची आणि घरमालकाची जबाबदारी. बिल्डिंग कंट्रोल हा फक्त परीक्षक. तो पाया, गटार, तुळई अशा ठरावीक टप्प्यांवर येतो. रोज साइटवर उभा नसतो. (प्लॅनिंग परमिशन हे आणखी वेगळंच प्रकरण.) शेवटी मिळणारं कंप्लिशन सर्टिफिकेट हा नियम पाळल्याचा पुरावा आहे, पण निर्णायक पुरावा नाही, असं नियमांतच लिहिलं आहे.

एसेक्समधल्या ब्रेंटवुडचा खटला प्रसिद्ध आहे. भरावाच्या जमिनीवर काँक्रीटच्या राफ्टवर उभं असलेलं एक घर. भराव सगळीकडे सारखा दबत नाही, त्यामुळे राफ्ट वाकला आणि १९८१मध्ये भिंतींना तडे गेले. पायाचा आराखडा कौन्सिलने मंजूर केलेला होता. मालकाला घर सुमारे ३५,००० पौंड कमी किमतीत विकावं लागलं. तरीही १९९०मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने निकाल दिला की या आर्थिक नुकसानीची भरपाई कौन्सिलकडून मागता येणार नाही.

ग्रेनफेल टॉवरच्या नूतनीकरणालाही २०१६मध्ये सर्टिफिकेट मिळालं होतं. १४ जून २०१७च्या आगीत ७२ माणसं गेली. बाहेरच्या भिंतीवरच्या ॲल्युमिनियम पॅनलच्या आत पॉलिइथिलीन होतं, म्हणजे जवळजवळ घनरूप इंधनच. चौकशीत दिसलं की आर्किटेक्ट, कॉन्ट्रॅक्टर, क्लॅडिंगवाले असे सगळेच 'ते दुसरा कुणीतरी बघेल' असं धरून चालले होते. अहवालाने कौन्सिलच्या बिल्डिंग कंट्रोललाही सोडलं नाही.

त्यानंतर १ ऑक्टोबर २०२३पासून इंग्लंडमध्ये डिझायनर आणि कॉन्ट्रॅक्टर यांची कर्तव्यं नावानिशी नियमांत आली. घरमालकाने कुणाला नेमलं नाही, तर कामाचा ताबा ज्याच्याकडे तो कॉन्ट्रॅक्टर आपोआप मुख्य ठरतो. मात्र नियमबाह्य काम पाडण्याची किंवा बदलण्याची नोटीस मालकाच्याच नावाने निघू शकते. पूर्वी तिची मुदत १२ महिने होती, आता १० वर्षं आहे.

आमचा पॅडस्टोन बसला. या वेळी बोर्ड चढण्याआधी मी फोटो काढून ठेवले, इंजिनिअरच्या कॅल्क्युलेशनच्याच फाइलमध्ये.