सुपरहिरोंची कॉमिक्स साध्या दुकानातून गेली कुठं?

एसटी स्टँडच्या स्टॉलवर वेताळाची इंद्रजाल कॉमिक्स घेतलेली आठवतात? अमेरिकेतही तसंच होतं. १९३८ साली सुपरमॅनचा पहिला अंक आला तेव्हा किंमत १० सेंट. पेपरच्या स्टॉलवर, औषधाच्या दुकानात, कुठंही कॉमिक्स मिळायची. न खपलेले अंक परत जायचे, तोटा प्रकाशकाचा.

१९७०च्या दशकात गणित बदललं. खास कॉमिक्सची दुकानं निघाली. त्यांना सवलत जास्त, पण माल परत घेणार नाही. प्रकाशकाला हेच परवडलं. हळूहळू साध्या दुकानातनं कॉमिक्स दिसेनाशी झाली. खास दुकानात जाणार कोण? जुना शौकीन. आठ-दहा वर्षांचं पोरगं तिथं एकटं कसं पोचणार? आणि पोरगंच नाही, तर उद्याचा वाचक कुठनं यायचा? खरी मेख इथंच.

म्हणून २०१८च्या जुलैत डीसी कंपनीनं वॉलमार्टमध्ये १०० पानी अंक ठेवले. किंमत ४.९९ डॉलर. आत जुन्या गोष्टी जास्त, नव्या थोड्या. घरचा किराणा घेताना पोरानं हट्ट करावा, एवढाच हिशेब. खास दुकानदार मात्र चिडले, नव्या गोष्टी आम्हाला का नाहीत म्हणून. २०१९मध्ये हे अंक त्यांनाही मिळू लागले.