बॉक्सवर १५० वॅट, मग रिसीव्हर मध्येच बंद का पडतो?

महाडला माझा मावसभाऊ राहतो. २२ जुलै २०२१ च्या पुरात त्याचं तळमजल्यावरचं सगळं गेलं, त्यात टीव्ही आणि छोटं होम थिएटरही होतं. पुढची काही वर्षं दुकान उभं करण्यात गेली. गेल्या वर्षी त्याने पहिल्या मजल्यावरच्या हॉलमध्ये पुन्हा जुळवाजुळव केली: मुंबईहून सेकंडहँड टॉवर स्पीकरची जोडी, एक सबवूफर आणि नवाकोरा रिसीव्हर. पहिल्याच रात्री मारामारीचा सीन रंगात आला आणि 'टक्' असा आवाज होऊन रिसीव्हर बंद. पुन्हा चालू केला, दहा मिनिटांनी परत तेच.

सर्व्हिसवाल्याने तपासून सांगितलं, मशीन ठीक आहे. मग मला पोलादपूरला फोन आला. "अरे, बॉक्सवर १५० वॅट लिहिलंय. कमी पडतात का? २०० वाला घेऊ?" म्हणजे आणखी साठ-सत्तर हजार. मी म्हटलं, "दादा, तू थांब जरा. स्पीकरच्या मागे काय छापलंय त्याचा फोटो पाठव."

फोटोत दोन आकडे होते: ४ ओहम आणि ८६ डीबी. सगळी गोष्ट या दोन आकड्यांत होती.

आधी त्या १५० वॅटचं बघू. मॅन्युअलच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात लिहिलं होतं: ६ ओहम, १ किलोहर्ट्झ, एकच चॅनल चालू, विकृती १० टक्के. म्हणजे बाकीचे चॅनल गप्प ठेवून, एकच सूर वाजवून, आवाज फाटेपर्यंत ताणल्यावर मिळालेला आकडा. त्याच पानावर वरती खरा आकडा होता: ८ ओहम, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, दोन चॅनल चालू, विकृती ०.०८ टक्के, ८० वॅट. रिसीव्हर घेताना हीच ओळ वाचायची. पाचही चॅनल एकदम वाजले की प्रत्येकाच्या वाट्याला याहूनही कमी येतं, कारण आत ट्रान्सफॉर्मर एकच असतो.

ओहम म्हणजे स्पीकरची भूक

मोबाइलच्या चार्जरवर व्होल्ट आणि अँपिअर दोन्ही लिहिलेले असतात ना? अँप्लिफायरचंही तसंच आहे. तो व्होल्ट पुरवतो, पण करंट किती ओढायचा हे स्पीकर ठरवतो. ८ ओहमच्या स्पीकरला ८० वॅट द्यायचे तर साधारण २५ व्होल्ट आणि ३.२ अँपिअर लागतात. तेच २५ व्होल्ट ४ ओहमच्या स्पीकरला दिले की तो दुप्पट, म्हणजे ६.३ अँपिअर ओढतो. स्वस्त-मध्यम रिसीव्हरला इथेच धाप लागते. आतले ट्रान्झिस्टर तापतात आणि प्रोटेक्शन सर्किट सगळं बंद करतं. दादाचा 'टक्' म्हणजे बिघाड नव्हता, जीव वाचवणं होतं.

शिवाय ४ ओहम हा स्थिर आकडा नाही. सुरानुसार तो वर-खाली होतो. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे तो छापील आकड्याच्या ८० टक्क्यांखाली जाऊ नये, म्हणजे ३.२ ओहमपर्यंत चालतं. पण काही टॉवर स्पीकर हा नियम न पाळता ३ च्याही खाली उतरतात, आणि तेही बहुतेक वेळा खर्जात, जिथे स्फोट आणि ढोल असतात.

आता ८६ डीबी. ही सेन्सिटिव्हिटी: २.८३ व्होल्ट दिल्यावर एक मीटरवर किती आवाज येतो ते. गंमत अशी, की २.८३ व्होल्ट म्हणजे ८ ओहमला १ वॅट, पण ४ ओहमला २ वॅट. म्हणजे दादाचा स्पीकर ८६ डीबीसाठीच दुप्पट खातो. तो तीन मीटरवर सोफ्यावर बसतो, तिथे पोहोचेपर्यंत साधारण ६ डीबी कमी होतात असं धरा. उरले ८०. थिएटरच्या मापाने सिनेमातला सर्वांत मोठा आवाज प्रत्येक मुख्य चॅनलला १०५ डीबी असतो. घरी आपण त्याहून १० डीबी खाली ऐकतो असं समजू, म्हणजे ९५. ८० वरून ९५ म्हणजे १५ डीबी. दर ३ डीबीला वॅट दुप्पट होतात, म्हणून पाचदा दुप्पट: २ चे ६४ वॅट. याच सोफ्यावर ९२ डीबी, ८ ओहमचा स्पीकर असता तर फक्त ८ वॅट पुरले असते! थिएटरइतका पूर्ण आवाज हवा असेल तर दादाच्या स्पीकरला सहाशेच्या वर वॅट लागतील. म्हणून ८० चा १०० वॅट करून काहीच होत नाही, जेमतेम १ डीबी वाढतो. तेवढा फरक कानाला कळतही नाही.

मग केलं काय?

पैसे न घालता होण्यासारखं आधी केलं. सेटिंगमध्ये टॉवर स्पीकर 'लार्ज' वर होते, ते 'स्मॉल' केले आणि क्रॉसओव्हर ८० हर्ट्झ ठेवला. 'स्मॉल' म्हटल्यावर दादाला अपमान वाटला, एवढे उंच स्पीकर! पण अर्थ इतकाच, की ८० च्या खालचा खर्ज सबवूफरकडे जातो, ज्याचा स्वतःचा अँप असतो. रिसीव्हरच्या डोक्यावरचं सगळ्यात जड ओझं उतरतं. मेन्यूत '४ ओहम' असा पर्यायही होता. तो लावू नका असं मी सांगितलं. बऱ्याच मॉडेलमध्ये त्याने ताकद वाढत नाही, उलट तापू नये म्हणून आतले व्होल्ट कमी होतात.

दुसरी गोष्ट आपल्या भागातली. पावसाळ्यात संध्याकाळी त्याच्या घरी मल्टिमीटरवर १९० व्होल्ट दिसले. माझ्याकडे पोलादपूरला याहून वेगळं नसतं. बहुतेक रिसीव्हरमध्ये साधा ट्रान्सफॉर्मर असतो, बाहेरचे व्होल्ट पडले की आतलेही त्याच प्रमाणात पडतात, आणि वॅट वर्गाच्या हिशेबाने पडतात. २३० चे १९० झाले की ८० वॅटचे साधारण ५५ उरतात. आवाजाचा काटा तोच राहतो, पण आवाज लवकर फाटतो. असा फाटलेला आवाज ट्वीटर जाळू शकतो. म्हणून स्टॅबिलायझर लावला, रिसीव्हरच्या मागे लिहिलेल्या वॅटपेक्षा मोठा. आणि बंद कपाटातून रिसीव्हर बाहेर काढून वरती वीतभर जागा मोकळी ठेवली.

त्या रात्री डिस्प्लेवर उणे १२ ठेवून अख्खा सिनेमा न थांबता चालला. उणे ५ वर मात्र पुन्हा 'टक्'.

पुढचा उपाय पैशाचा आहे, पण साठ हजारांचा नाही. त्याच्या रिसीव्हरला मागे प्री-आउट आहेत. तिथून दोन चॅनलचा वेगळा पॉवर अँप जोडायचा, पुढचे दोन स्पीकर त्याच्यावर, बाकीचे रिसीव्हरवर. पॉवर अँप बघताना ८ आणि ४ ओहम, दोन्हींचे वॅट छापलेत का पाहायचं. ८ ला १०० आणि ४ ला १८०-२०० असतील तर त्याच्यात करंट आहे. ४ चा आकडाच दिला नसेल तर पुढच्या दुकानात जायचं. दादा सध्या सेकंडहँड शोधतोय. तोपर्यंत उणे १२ वर भागतंय, शेजारीही खूश आहेत.