सोलोमन बर्कचे चार दिवस

सोलोमन बर्क हे नाव आपल्याकडे फारसं कुणी घेत नाही. त्याची गाणी मात्र अनेकांच्या कानांवरून गेलेली असतात. १९६२चं ‘क्राय टू मी’ पुढे ‘डर्टी डान्सिंग’ या चित्रपटात वाजलं. १९६४चं ‘एव्हरीबडी नीड्स समबडी टू लव्ह’ आधी रोलिंग स्टोन्सनी गायलं, मग ‘द ब्लूज ब्रदर्स’ या चित्रपटातून जगभर गेलं. गाणी मोठी होत गेली आणि ज्याने ती पहिल्यांदा गायली, तो मागे पडत गेला.

बर्क मूळचा फिलाडेल्फियाचा. आजीच्या चर्चमध्ये तो लहानपणापासूनच प्रवचनं देत असे. चर्चमधली आळवणी माणसामाणसांतल्या प्रेमाच्या गाण्यात उतरली आणि त्यातून सोल संगीत घडलं. ते घडवणाऱ्यांत बर्क अग्रभागी होता. साठच्या दशकानंतर लोकप्रियता ओसरली, तरी चर्च सुटलं नाही. तो बिशप होता आणि अंत्यविधीची व्यवस्था पाहण्याचा व्यवसायही करत असे.

साठी उलटल्यावर, २००२ साली, त्याचा ‘डोन्ट गिव्ह अप ऑन मी’ हा अल्बम आला. काढला होता मिसिसिपीतल्या फॅट पॉसम या छोट्या कंपनीने. गाजलेली गाणी पुन्हा गाऊन घेणं सोपं होतं, पण निर्माता जो हेन्रीने तो मोह टाळला. बॉब डिलन, टॉम वेट्स, व्हॅन मॉरिसन, एल्व्हिस कॉस्टेलो, ब्रायन विल्सन अशांची गाणी त्याने बर्कपुढे ठेवली. शीर्षकगीताच्या गीतकारांत डॅन पेन होता, म्हणजे सोलच्याच घरातला माणूस.

ध्वनिमुद्रण चार दिवसांत उरकलं. वादक आणि गायक एकत्र बसून गाणं उभं करत होते. ड्रम्स, बास, गिटार आणि बर्कच्या चर्चमधला अंध वादक रूडी कोपलँड याचा ऑर्गन, असा मोजका साज. माझ्या मते अल्बमचं सगळं बळ या मोजकेपणात आहे. वाद्यं कमी असली की गायकाला लपायला जागा उरत नाही, पण थांबायला मिळते. बर्क शब्द उच्चारतो, थांबतो, पुढची ओळ जवळजवळ बोलतो आणि मग अचानक आवाज असा मोकळा सोडतो की अंगावर काटा येतो. तरुणपणी त्याच्याकडे ताकद होतीच. ती कुठे राखून ठेवायची, याची जाण इथे ऐकू येते. ‘नन ऑफ अस आर फ्री’मध्ये ब्लाइंड बॉईज ऑफ अलाबामा हे गॉस्पेल गायक साथीला येतात, तेव्हा स्टुडिओचं थेट चर्च होतं. अल्बम घेतलात तर आधी हे गाणं ऐका, शक्यतो मोठ्या आवाजात.

२००३ साली या अल्बमला समकालीन ब्लूज विभागात ग्रॅमी मिळालं. बर्कचं ते पहिलंच ग्रॅमी. नंतर जो हेन्री अशाच मागे पडलेल्या सोल गायिकेकडे, बेटी लवेटकडे वळला. तिचा सत्तरच्या दशकातला एक आख्खा अल्बम कंपनीने दडपून ठेवला होता. २००५ साली हेन्रीने तिच्याकडून केवळ स्त्रियांनी लिहिलेली गाणी गाऊन घेतली आणि तिलाही नवा श्रोता मिळाला.