बिघाडाचा दर उतरतो तेव्हा

1963 साली ‘टेक्नोमेट्रिक्स’ या नियतकालिकात फ्रँक प्रोशन या संख्याशास्त्रज्ञांचा एक निबंध आला. विषय रुक्ष होता : बोइंग 720 विमानांच्या वातानुकूलन यंत्रणेत दोन बिघाडांमध्ये किती तास जातात. 13 विमानांचे आकडे एकत्र केले तेव्हा चित्र मोठं आश्वासक दिसलं. यंत्रणा जितका जास्त काळ विनातक्रार चाललेली, तितकी पुढच्या तासाला ती बंद पडण्याची शक्यता कमी. यंत्र वापरून सुधारतं, असाच कुणाचाही समज व्हावा. प्रोशननी विमानं सुटी करून पाहिली, तर प्रत्येकाचा बिघाडाचा दर स्थिर निघाला. फक्त प्रत्येकाचा वेगळा. उतार दिसत होता तो बेरजेत.

हे पचायला अवघड जातं, म्हणून कल्पनेतलं एक उदाहरण घेऊ. दुकानदाराने 1000 बल्ब आणले. त्यातले 900 चांगले, वर्षाला शेकडा 2 जाणारे. 100 कच्चे, दरवर्षी निम्मे जाणारे. वरून सगळे सारखेच. पहिल्या वर्षी 50 कच्चे आणि 18 चांगले गेले, म्हणजे दर 6.8 टक्के. दुसऱ्या वर्षी उरलेल्या 932 पैकी साधारण 43 गेले : 4.6 टक्के. तिसऱ्या वर्षी तो साडेतीनच्या खाली येतो. एकही बल्ब सुधारलेला नाही. कच्चे गळत गेले आणि चांगल्यांचं प्रमाण वाढलं, एवढंच. ‘पूर्वीच्या वस्तू काय टिकायच्या!’ असं घरोघरी ऐकू येतं, त्यातला निदान अर्धा भाग याच हिशेबाचा असावा. पूर्वीचे जे पंखे वर्षाच्या आत भंगारात गेले, त्यांची आठवण कोण काढतो?

मोजणाऱ्यापुढची दुसरी अडचण अशी की तो मोजायला बसतो तेव्हा बऱ्याच वस्तू अजून चालूच असतात. फक्त बंद पडलेल्यांची सरासरी काढली, तर आयुष्य फार कमी भरतं. 1958 साली एडवर्ड कॅप्लन आणि पॉल मायर यांनी यावर रीत दिली : प्रत्येक बिघाडाच्या क्षणी किती वस्तू चालू होत्या ते पाहायचं आणि टिकण्याची शक्यता टप्प्याटप्प्याने गुणत जायची. चालू वस्तूचं पूर्ण आयुष्य माहीत नसलं, तरी ती इथवर टिकली ही माहिती वाया जात नाही. कॅप्लन बेल प्रयोगशाळेत समुद्राखालच्या टेलिफोन केबलमधल्या व्हॅक्यूम ट्यूबच्या आयुष्यावर काम करत होते. आज तीच रीत कर्करोगाच्या औषधचाचण्यांत रोज वापरली जाते. त्याआधी, 1951 मध्ये, वालोडी वायबुल या स्वीडिश अभियंत्याने एकच सूत्र पोलादापासून घेवड्याच्या दाण्यांपर्यंत लावून दाखवलं होतं. त्याच्या उदाहरणांत भारतीय कापसाच्या तंतूची ताकदही होती.

अलीकडचा सर्वांत समृद्ध पुरावा हार्ड डिस्कचा. डिस्कच्या माहितीपत्रकात बिघाडापर्यंतचा सरासरी काळ 10 ते 15 लाख तास लिहिलेला असे. 10 लाख तास म्हणजे 114 वर्षं! अर्थात एवढं कुणी थांबून पाहिलेलं नसतं. 1000 डिस्क 1000 तास चालवल्या आणि एक गेली, तरी भागाकार तोच येतो. पाचव्या वर्षी काय होईल ते त्यात कुठेच नाही. त्या आकड्यांवरून वर्षाला फार तर 0.88 टक्के डिस्क जायला हव्यात. कार्नेगी मेलनच्या बियांका श्रोडर आणि गार्थ गिब्सन यांनी 2007 मध्ये प्रत्यक्ष बदललेल्या डिस्क मोजल्या, तेव्हा प्रमाण बहुधा 2 ते 4 टक्के आणि काही ठिकाणी 13 टक्क्यांपर्यंत आढळलं.

बॅकब्लेझ या अमेरिकी कंपनीने 2013 मध्ये आपल्या डिस्कचे आकडे मांडले : पहिली दीड वर्षं वार्षिक 5.1 टक्के, पुढची दीड वर्षं 1.4, त्यानंतर 11.8. आधी गळती, मग स्थैर्य, मग झीज; पाठ्यपुस्तकातली टबाच्या आकाराची रेषाच. पण या ढिगात सरमिसळ होती. 2011 च्या थायलंडमधल्या पुरानंतर डिस्कचा तुटवडा झाला, तेव्हा या कंपनीने किरकोळ दुकानांतून बाहेरून जोडायच्या डिस्क उचलून, खोकी फोडून वापरल्या होत्या. शिवाय जुन्या डिस्क म्हणजे जुनी मॉडेलंही. तेव्हा वयाचा परिणाम कुठे संपतो आणि मॉडेलचा कुठे सुरू होतो, हे एकत्र आकड्यावरून कळत नाही. मॉडेलवार तक्ते पाहावेत. माझ्या मते तेवढेच वाचण्याजोगे.

या हिशेबाचा सर्वांत महागडा उपयोग विमानांच्या देखभालीत झाला. ठरावीक तासांनी भाग काढून नवा बसवायचा, ही जुनी शिस्त. युनायटेड एअरलाइन्सच्या स्टॅनली नोलन आणि हॉवर्ड हीप यांच्या 1978 च्या अहवालात टबाची रेषा जेमतेम 4 टक्के भागांना लागू पडली. 68 टक्के भागांत सुरुवातीलाच बिघाड जास्त, पुढे दर जवळपास स्थिर. अशा ठिकाणी टिकून राहिलेला भाग काढणं म्हणजे पारखलेला माल टाकून न पारखलेला घेणं. देखभालीचं वेळापत्रक नव्याने आखल्यावर बोइंग 747 च्या पहिल्या 20,000 उड्डाणतासांतल्या मोठ्या सांगाडा-तपासण्या 66,000 मनुष्यतासांत उरकल्या. त्याहून लहान आणि साध्या डीसी-8 ला जुन्या पद्धतीने 40 लाख लागत.