अवाढव्य कोष्टकांची स्वयंचलित सफाई

पोस्टग्रेस या डेटाबेस-प्रणालीत कोष्टकातील एखादी ओळ बदलली, म्हणजे जुनी ओळ तत्काळ पुसली जात नाही. तिची नवी प्रत निराळी लिहिली जाते. त्याच क्षणी जुनी माहिती वाचीत असलेल्यांचा खोळंबा होऊ नये, हा यातील हेतू. परंतु पुढे कोणालाच नको असलेल्या या मृत ओळी साचत जातात. त्यांची जागा पुन्हा वापरण्याजोगी करणारी स्वयंचलित सफाई २००८ सालच्या ८.३ या आवृत्तीपासून मुळातच चालू असते.

ही सफाई केव्हा सुरू व्हावी? मूळ नियम असा : एकूण ओळींच्या २० टक्के अधिक ५० याहून मृत ओळी जास्त झाल्या, म्हणजे. हजार ओळींच्या कोष्टकाला २५० चा हा उंबरठा योग्यच. परंतु १०० कोटी ओळींच्या कोष्टकात तो २० कोटींवर जातो. २०२५ सालच्या १८ व्या आवृत्तीने त्यास १० कोटींची कमाल मर्यादा घातली. तरीही हा साठा लहान नव्हे. तोवर कोष्टक फुगते, शोध मंदावतो आणि सफाईही लांबते.

यास्तव अशा एकेका कोष्टकापुरते प्रमाण १ टक्क्यावर आणावे, अथवा शून्य करून १० लाखांसारखी ठरावीक संख्या नेमावी. सफाई वारंवार, पण थोडी थोडी होते. ती दीर्घकाळ तुंबल्यास मात्र ३२ बिटांचे व्यवहारक्रमांक संपत येतात आणि अखेर डेटाबेस नवे लेखनच नाकारतो.