स्टेडियममधून फुटबॉलपटू उगवत नाहीत

पेडण्यात किंवा डिचोलीत फुटबॉलचा विषय निघाला की थोड्याच वेळात एक सुस्कारा ठरलेला असतो: ‘आमच्याकडे स्टेडियम नाही हो, नाहीतर आमची पोरं आज भारताकडून खेळली असती.’ हा सुस्कारा ग्रामसभेत ऐकू येतो, स्पर्धेच्या बक्षीस समारंभात प्रमुख पाहुण्यांच्या तोंडून ऐकू येतो आणि निवडणूक जवळ आली की त्याचेच आश्वासन होते. तो सहज पटतो, कारण तो अर्धा खरा आहे. उत्तर गोव्यातल्या या दोन तालुक्यांच्या वाट्याला खेळाच्या सोयी कमी आल्या, यात वाद नाही. पण स्टेडियम नव्हते म्हणून खेळाडू घडले नाहीत, हे म्हणणे गोव्याच्याच फुटबॉलच्या इतिहासापुढे टिकत नाही.

तारखाच पाहाव्यात. मडगावजवळचे फातोर्ड्याचे जवाहरलाल नेहरू स्टेडियम १९८९ मध्ये सुरू झाले. गोव्याने संतोष करंडक पहिल्यांदा जिंकला तो १९८२-८३ च्या हंगामात, बंगालबरोबर संयुक्तपणे. पुढच्याच हंगामात तो एकट्याने जिंकला. ताळगावचे गोलरक्षक ब्रह्मानंद शंखवाळकर १९८३ ते १९८६ या काळात भारताचे कर्णधार होते. म्हणजे राज्य देशात अव्वल ठरले, राज्याचा खेळाडू देशाचा कर्णधार झाला, आणि तोवर फातोर्ड्याला एकही प्रेक्षक बसलेला नव्हता.

आता उलट बाजू. २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक भारतात झाला. सहा शहरांत सामने झाले, त्यांत गोवा होते. फातोर्ड्याच्या गवतावर इराणने जर्मनीला ४-० असे लोळवले ते याच स्पर्धेत. स्टेडियमला नवा साज चढला, गोवेकरांनी तिकिटे काढून सामने पाहिले. त्या स्पर्धेसाठी निवडलेल्या भारताच्या २१ जणांच्या संघात गोव्याचे किती होते? एकही नाही. मणिपूरचे आठ होते. कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. अमेरिकेत वाढलेला नमित देशपांडे होता. विश्वचषकाचे यजमानपद मिळण्याइतके चांगले स्टेडियम ज्या राज्यात होते, त्या राज्याचा खेळाडू मात्र संघात नव्हता.

हे खेळाडू कुठून आले, ते पाहिले की उत्तर हाती लागते. त्या संघाचा कर्णधार अमरजीत सिंग आणि त्या विश्वचषकात भारताचा एकमेव गोल करणारा जॅकसन सिंग हे मणिपूरचे चुलतभाऊ लहान वयातच घर सोडून चंडीगडच्या अकादमीत गेले. अनिकेत पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत राहून शिकला. त्यांना रोजचा सराव मिळाला, प्रशिक्षक मिळाला, वर्षभर सामने मिळाले, आणि हे सगळे मिसरूड फुटण्याआधी मिळाले. यातल्या कशालाही प्रेक्षागार लागत नाही.

स्टेडियम ही प्रेक्षकांची सोय आहे. त्यात खेळाडूंसाठी असते ते १०५ बाय ६८ मीटरचे मैदान, कपडे बदलायची खोली आणि दिवे. बाकीचे काँक्रीट बसणाऱ्यांसाठी. त्यातही एक गोची असते, ती उद्घाटनाच्या दिवशी कोणी सांगत नाही. मोठ्या सामन्यांचे नैसर्गिक गवत जपावे लागते, त्याला विश्रांती द्यावी लागते, म्हणून ते रोजच्या सरावाला मोकळे ठेवता येत नाही. स्टेडियम जितके भारी, तितके फाटकाला कुलूप जास्त. गावातला दहा वर्षांचा मुलगा त्या कुलपाबाहेर रस्त्यावरच चेंडू मारत राहतो.

ज्यांना परदेशातले उदाहरण दिल्याशिवाय पटत नाही, त्यांच्यासाठी आइसलँड आहे. २०१६ च्या युरो स्पर्धेत या देशाने इंग्लंडला हरवले, २०१८ च्या विश्वचषकाला तो पात्र ठरला. तेव्हा त्याची लोकसंख्या साधारण साडेतीन लाख होती. २०११ च्या जनगणनेनुसार गोव्याची लोकसंख्या १४,५८,५४५ आहे. त्यात पेडणे तालुक्यात ७५,७४७ आणि डिचोली तालुक्यात ९७,९५५ माणसे. आइसलँडच्या राष्ट्रीय स्टेडियममध्ये जेमतेम दहा हजार माणसे मावतात, म्हणजे ते फातोर्ड्यापेक्षाही लहान आहे. त्या देशाने पैसा घातला तो हिवाळ्यात खेळता येईल अशा बंदिस्त मैदानांवर, शाळांजवळच्या छोट्या कृत्रिम मैदानांवर आणि युरोपीय परवाना असलेल्या प्रशिक्षकांवर. हे प्रशिक्षक लहान मुलांच्या संघांनाही दिले.

तिथे अडचण बर्फाची होती, इथे पावसाची आहे. पेडण्यात आजही कितीतरी मुले फुटबॉल शिकतात ती कापणी झालेल्या शेतात. सरदाचे, म्हणजे पावसाळी भात निघाले की खुंट तुडवत मैदान तयार होते. मेर (शेताचा बांध) ही टचलाइन, दोन बांबू रोवले की गोल. चेंडू खुंटावर आपटून कुठेही उडतो, त्यामुळे जमिनीवरून पास देण्याची सवयच लागत नाही; पोरे तो हवेत भिरकावायला शिकतात. ज्या शेतात वायंगण, म्हणजे त्यानंतरचे दुसरे पीक पेरले जाते तिथे तेवढेही मिळत नाही, आणि जूनपासून तर सगळेच चिखलात जाते. वर्षातले चार-पाच महिने खेळणारा मुलगा वर्षभर खेळणाऱ्याच्या मागे पडणारच. या मुलाला हवे आहे ते पाण्याचा निचरा होणारे सपाट मैदान आणि संध्याकाळी दोन तास पुरतील एवढे दिवे. ते त्याच्या वाड्यापासून सायकलच्या अंतरावर हवे.

मोठ्या स्वप्नाचा अनुभव पेडण्याने घेतलेलाही आहे. राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेच्या निमित्ताने धारगळला क्रीडानगरी उभारायचा घाट घातला गेला होता. शेतजमिनीच्या संपादनाला विरोध झाला, स्पर्धा वर्षानुवर्षे पुढे ढकलली गेली. शेवटी २६ ऑक्टोबर ते ९ नोव्हेंबर २०२३ या काळात ती गोव्यात पार पडली, पण धारगळच्या क्रीडानगरीवाचून. या सगळ्या वर्षांत मोपाचा विमानतळ उभा राहिला, धारगळला आयुर्वेद संस्था आली, २०२४ च्या डिसेंबरात तिथेच सनबर्न हा संगीत महोत्सवही झाला. जो मुलगा क्रीडानगरीच्या पहिल्या बातमीच्या वेळी दहा वर्षांचा होता, त्याचे खेळायचे वय मात्र वाट पाहण्यातच सरले.

दुसरा गैरसमज पालकांचा आहे, आणि तो जास्त महागात पडतो: ‘आधी बारावी होऊ दे, कॉलेजच्या संघात आला की क्लबवाले उचलतील.’ ही समजूत अमेरिकेच्या चित्रपटांतून आणि मोबाइलवरच्या रील्समधून आलेली दिसते. तिथे विद्यापीठे खेळाडूंना शिष्यवृत्ती देऊन भरती करतात आणि व्यावसायिक संघ त्यांच्यातून निवड करत आले आहेत. भारतात तसे नाही. इथे परवाना हवा असेल तर व्यावसायिक क्लबला वयोगटांचे संघ चालवावेच लागतात, आणि अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या युवा स्पर्धा लहान वयोगटांत होतात. क्लबची निवड तिथेच होते. फिफाचा नियमही हेच सांगतो: एका देशातून दुसऱ्या देशात खेळाडूची बदली होते तेव्हा किमतीचा ५ टक्के वाटा त्याला घडवणाऱ्या क्लबांमध्ये वाटला जातो, आणि हा हिशेब खेळाडूच्या बाराव्या वर्षापासून सुरू होतो. विर्नोड्याच्या संत सोहिरोबानाथ आंबिये महाविद्यालयात, सांखळीच्या सरकारी महाविद्यालयात किंवा डिचोलीच्या नारायण झांट्ये महाविद्यालयात मुलगा पाऊल ठेवतो तेव्हा तो सतरा-अठराचा असतो. त्याआधी लीगचे चार-पाच हंगाम खेळलेला नसेल, तर कॉलेजचे स्पोर्ट्स सर कितीही चांगले असले तरी ते मागची वर्षे परत आणू शकत नाहीत.

म्हणून कॉलेजचे फुटबॉल फुकट जाते असे मात्र नाही. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेतून गोवा विद्यापीठाचा संघ निवडला जातो, तो पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेत उतरतो. वयाच्या २५ वर्षांपर्यंत ही दारे उघडी असतात. २०२० पासून खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धाही आहे. केंद्र सरकारच्या क्रीडा कोट्यातल्या नोकरीसाठी आंतरविद्यापीठ स्पर्धेतला सहभाग पात्रतेत धरला जातो. कॉलेजचा संघ इंडियन सुपर लीगला पोहोचवेल ही आशा फोल, पण पदवी आणि नोकरीच्या वाटेवर तो उपयोगी पडतो. पालकांनी हा फरक मुलगा सहावीत असतानाच समजून घ्यावा.

तिसरा गैरसमज हळू आवाजात सांगितला जातो: ‘फुटबॉल हा सासष्टीचा आणि ख्रिस्ती लोकांचा खेळ, आपला नव्हे.’ गोव्यात फुटबॉल आणल्याचे श्रेय फादर विल्यम रॉबर्ट लायन्स या आयरिश धर्मगुरूंना दिले जाते. १८८३ मध्ये शिवोलीत त्यांनी तो शिकवायला सुरुवात केली. पुढे तो चर्चच्या शाळांमधून आणि गावागावांतल्या स्पर्धांमधून पसरला. पेडणे आणि डिचोली या नव्या काबिजादी. पोर्तुगीज तिथे पोहोचले ते अठराव्या शतकाच्या अखेरीस, आणि चर्चच्या शाळांचे तसे जाळे तिथे विणले गेले नाही. फरक पडला तो शाळा, मैदान आणि नियमित स्पर्धा यांमुळे. श्रद्धेशी त्याचा संबंध नाही. शंका असेल त्यांनी साळगावकर आणि धेंपो हे क्लब कोणी उभे केले ते पाहावे, आणि महेश गवळी, समीर नाईक, मंदार राव देसाई ही भारताकडून खेळलेल्यांची नावे वाचावीत.

डिचोलीचा खास असा एक गैरसमज आहे: ‘खाणी बंद पडल्या आणि क्लब संपले.’ खाणींच्या पैशावर गोव्याचे क्लब पोसले गेले, हे खरे. पण धेंपोंनी आपला खाण व्यवसाय २००९ मध्येच सेसा गोवाला विकला होता. त्यानंतर त्यांच्या क्लबने २००९-१० आणि २०११-१२ अशी दोनदा आय-लीग जिंकली. २०१६ मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा आय-लीगमधून बाहेर पडले ते महासंघाने स्पर्धेचा दर्जा खाली आणायचे ठरवले म्हणून. २०२४-२५ मध्ये धेंपो पुन्हा आय-लीगमध्ये खेळला. डिचोली तालुक्यातच, सांखळीला, खाणकाम संपलेल्या आवारात सेसाची फुटबॉल अकादमी १९९९ मध्ये सुरू झाली. ती उभी करायला कोणी स्टेडियमची वाट पाहिली नव्हती.

पाचवा गैरसमज खेळाडूंच्या जागांचा. गावच्या संघात अजून जाड मुलगा गोलात, उंच मुलगा बचावात आणि सरपंचांचा पुतण्या पुढे, अशी वाटणी चालते. मुलाला पुढून मागे आणले की बाप प्रशिक्षकाशी भांडायला मैदानात उतरतो. गोलरक्षकाचेच घ्या: १९९२ मध्ये नियम बदलला आणि सहकाऱ्याने मुद्दाम पायाने मागे दिलेला चेंडू गोलरक्षकाला हाताने उचलता येईनासा झाला. तेव्हापासून गोलरक्षकाला पायही चांगले लागतात. मंदार राव देसाई हा मुळात डाव्या बगलेवरून चढाई करणारा खेळाडू. एफसी गोवाचे तेव्हाचे स्पॅनिश प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा यांनी त्याला डाव्या बचावात खेळवले. त्या जागेवर तो स्थिरावला, पुढे मुंबई सिटीकडून २०२०-२१ ची लीग जिंकला. मागे आणणे म्हणजे पाडणे, असे समजणाऱ्या बापांनी त्याची कारकीर्द एकदा पाहावी.

बाकीचे किरकोळ गैरसमज थोडक्यात उरकता येतात.

‘उंची नाही, मग फुटबॉल कसले?’ लिओनेल मेस्सीची उंची १७० सेंटिमीटर.

‘कृत्रिम गवतावर गुडघे जातात.’ २०२३ मध्ये ‘ई-क्लिनिकल मेडिसिन’ या नियतकालिकात २२ अभ्यासांचा एकत्रित आढावा आला. त्यात एकूण दुखापतींचे प्रमाण कृत्रिम गवतावर जास्त नव्हते, किंचित कमीच होते. खरा त्रास दुपारच्या उन्हाचा, कारण हे गवत जाम तापते.

‘मुलींचे फुटबॉल हे आजचे फॅड.’ गोव्याच्या योलांडा डिसोझा भारताकडून खेळल्या त्याला चार दशके उलटून गेली.

‘एजंटाला पैसे दिले की ट्रायल पक्की.’ फिफाच्या २०२३ च्या नियमांनुसार एजंटाला परीक्षा देऊन परवाना घ्यावा लागतो, आणि अल्पवयीन मुलाशी पालकांच्या लेखी संमतीशिवाय त्याला बोलणीही करता येत नाहीत.

मग पेडण्याला, डिचोलीला स्टेडियम नकोच का? जरूर हवे. मोठा सामना पाहायला इथल्या माणसाने दर वेळी मडगाव गाठावे, हे बरोबर नाही. फक्त त्याची मागणी करताना सोबत चार प्रश्न विचारावेत. सरावाची मैदाने किती आणि कुठल्या वाड्यांजवळ? ती रोज किती वाजेपर्यंत उघडी राहणार? पावसाळ्यात खेळायची सोय काय? देखभालीचा खर्च पंचायत करणार, क्रीडा खाते की आणखी कोणी? आणि स्टेडियम होईपर्यंत मुलाला ज्या अकादमीत किंवा गोवा फुटबॉल विकास मंडळाच्या केंद्रात घालायचे, तिथे पालकांनी आणखी तीन गोष्टी तपासाव्यात: प्रशिक्षकाकडे महासंघाचा निदान ‘डी’ परवाना आहे का, मुलाची नोंदणी महासंघाच्या प्रणालीत केली जाते का, आणि गेल्या हंगामात त्याच्या वयोगटाचे अधिकृत सामने किती झाले. या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आकड्यात मिळाले नाही, तर पुढच्या अकादमीत चौकशी करावी.