देहाची वहिवाट

नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधील न्यायकचेरीत जमिनीच्या मालकीचा तंटा उभा राहिला म्हणजे उभय पक्ष आपापले दस्तऐवज रुजू करतात, सातबाऱ्याचे उतारे हजर होतात, शेजारच्या शेतकऱ्यांच्या साक्षी होतात, आणि जमीन प्रत्यक्ष कोणाच्या वहिवाटीत आहे याची कसून चौकशी केली जाते. परंतु आपल्या खांद्याला जोडलेला हात आपलाच कशावरून, असा प्रश्न जन्मभरात कोणी कोणास विचारीत नाही, कारण या मालमत्तेची सनद आपण जन्मतःच घेऊन आलो आहोत अशी प्रत्येकाची दृढ समजूत असते. मेंदूच्या अभ्यासकांनी ही समजूतच तपासून पाहिली, तेव्हा अशी सनद कोठेही सापडली नाही. सापडली ती केवळ वहिवाट, आणि तिचा निवाडा मेंदू क्षणोक्षणी नव्याने करीत असतो.

मॅथ्यू बॉटविनिक आणि जोनाथन कोहेन या संशोधकांनी १९९८ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात आपल्या प्रयोगाचे एक छोटेसे टिपण प्रसिद्ध केले. दहा व्यक्तींना एकेक करून मेजाशी बसविण्यात आले. त्यांचा डावा हात आडोशामागे दृष्टिआड ठेवून समोर खऱ्या हाताएवढाच एक रबरी हात मांडला, आणि त्या रबरी हातावर व दडविलेल्या खऱ्या हातावर दोन बारीक कुंचले शक्य तितके एकाच वेळी फिरविले. दहा मिनिटांनंतर विचारणा केली असता, कुंचल्याचा स्पर्श समोरच्या रबरी हातावरच जाणवत होता, किंबहुना तो हात आपलाच वाटू लागला होता, असे उत्तर अनेकांनी दिले. पुढे डोळे मिटून, मेजाखालून उजवे बोट सरकवीत डाव्या बोटाच्या रेषेत आणण्यास सांगितले, तेव्हा ते बोट रबरी हाताच्या दिशेने वाहवत गेले. दोन कुंचल्यांचा ताल जाणूनबुजून बिघडविला की मात्र हा भ्रम पुष्कळच क्षीण होई.

याची उपपत्ती साक्षीपुराव्याच्या भाषेत सहज सांगता येते. देहाच्या हद्दी ठरविताना मेंदूपुढे मुख्यतः तीन साक्षीदार असतात: डोळे, त्वचा, आणि अवयव कोठे आहे याची अंधारातही वर्दी देणारे स्नायू व सांधे. डोळ्यांनी पाहिलेला कुंचला आणि त्वचेला झालेला स्पर्श यांच्या जबान्या तंतोतंत जुळल्या, की स्नायूंची काहीशी मोघम साक्ष बाजूस सारून मेंदू निकाल देऊन टाकतो. हेन्रिक एर्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये मेंदूची चित्रे घेतली, तेव्हा हा भ्रम जितका प्रबळ तितके हालचालींची पूर्वतयारी करणारे मेंदूच्या पुढील भागातील क्षेत्र अधिक जागृत असल्याचे आढळून आले. भ्रमात असलेल्याच्या डोळ्यांदेखत रबरी बोट उलटे मुरगाळले असता खऱ्या तळव्यास घाम फुटतो. म्हणजे हा निकाल नुसता कागदावर राहत नाही, त्याची तत्काळ अंमलबजावणी होते.

आता प्रश्न असा, की निसर्गाने ही मालकी एकदाच कायमची नोंदवून का टाकली नाही? बाळाचा वीतभर हात वाढत वाढत तरुणाचा होतो, कधी हाड मोडते, कधी देह स्थूल वा कृश होतो. या प्रत्येक बदलाची फेरफार नोंद मेंदूच्या दप्तरात घ्यावी लागते, आणि ज्या दप्तरात फेरफार होऊ शकतो त्यात क्वचित चुकीचा दाखलाही शिरू शकतो. अमेरिकेतील यादवी युद्धात हातपाय गमावलेल्या सैनिकांना त्या नसलेल्या अवयवांत वेदना होत, हे सायलस वीअर मिचेल या वैद्याने नमूद करून ठेवले आहे. तेथे मालमत्ता गेली होती, तरी नोंद उरली होती.

याच्या अगदी उलट प्रकार नागपूरहून चंद्रपूरच्या वाटेवरील वरोऱ्याजवळ, आनंदवन या कुष्ठरुग्णांच्या वसाहतीत ज्यांनी आश्रय घेतला त्यांच्या देहांवर ओढवला होता. नागपुरात कायद्याचे शिक्षण घेऊन वरोऱ्यास वकिली केलेल्या बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन केली, त्या काळी कुष्ठरोगाने बोटे सडून गळतात अशीच सार्वत्रिक समजूत होती. परंतु वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले, की रोगजंतू मज्जातंतूंचा नाश करतात, वेदना नाहीशी होते, आणि मग तापलेले भांडे, काटा, रात्री कुरतडणारा उंदीर, यांच्यापासून त्या हाताचे रक्षण करणारा कोणी उरत नाही. अशा रुग्णास आपला हात आपल्याजवळचे एखादे अवजार वाटू लागतो, हेही त्यांच्या ध्यानी आले. हात जागच्या जागी आहे, पण त्वचेची साक्ष बंद झाल्याने मालक बेदखल झाला आहे. आणि ज्याला समाजाने गावाबाहेर काढले त्याला त्याच्याच देहातून असे दुसऱ्यांदा बेदखल व्हावे लागावे, याहून करुण अन्याय कोणता?

पण जी दृष्टी प्रयोगशाळेत परका हात आपला म्हणून मान्य करून टाकते, तीच येथे पहारेकरी होते. संवेदना गेलेल्या माणसास उपचारकेंद्रांत शिकविले जाते, की हातपाय रोज पाण्यात भिजवावेत, तेल लावावे, आणि प्रत्येक बोट, प्रत्येक तळवा नीट न्याहाळून कोठे फोड वा जखम आहे का ते पाहावे; जे त्वचा सांगू शकत नाही ते डोळ्यांनी विचारून घ्यावे. आनंदवनात ज्या हातांनी मागावर कापड विणले आणि खडकाळ रानात धान्य पिकविले, त्यांतील कित्येक हातांना धाग्याचा वा मातीचा स्पर्श कळत नव्हता. त्यांची वहिवाट त्यांच्या धन्यांनी दररोज डोळ्यांत तेल घालून राखली. आपल्याला जी मालकी आयती मिळते, ती त्यांनी अशी रोज नव्याने कमावली.